सावडीच्या गोळ्या

दत्तू, तू गेल्यापासून तलवाड्याच्या घरी रोज माणसं येतात, सतरंजीवर बसतात आणि तुझं कौतुक करतात. देवमाणूस होता, म्हणतात. कुणाचं वाईट केलं नाही, म्हणतात. मी कोपऱ्यात बसून मान हलवते. आतून मात्र तुझा इतका राग आलेला असतो की वाटतं, उठावं आणि ह्या देवमाणसानं काय करून ठेवलंय ते सगळ्यांना सांगावं. तुझी बायको माझ्याकडे चोरून बघते. सुमनला वाटतं, अक्काला रडू येईना म्हणून तिचं तोंड असं झालंय. रडू येतं रे, पण राग आधी येतो. धाकट्या भावानं मोठ्या बहिणीच्या आधी जायचं नसतं, एवढी साधी रीत तुला पाळता आली नाही, तिथूनच सुरुवात आहे.

परवा संभाजीनगरहून फोन आला. कंपवातावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे, तिथली नर्स. आधी चार शब्द बरे बोलली, काका फार गमतीचे होते म्हणाली, मग हळूच म्हणाली, "मॅडम, त्यांच्या उरलेल्या गोळ्यांची बाटली तेवढी आणून द्याल का? नियम आहे." मी हो म्हणाले. बाटली तुझ्या दाढीच्या आरशामागे सापडली. हलवली तर खुळखुळ वाजली. त्यातल्या निम्म्या गोळ्या तुझ्या नाहीत, हे त्या नर्सला ठाऊक नाही. तुला ठाऊक होतं, परळीच्या वैजनाथरावाला ठाऊक आहे आणि आता मला ठाऊक आहे. वरून बघून कुणाला कळायचं नाही, सगळ्या एकसारख्या पांढऱ्या. गुपचूप नेऊन दिली की विषय मिटला. तुला तसंच हवं होतं. मी मात्र ती बाटली फडताळात ठेवली, मग देव्हाऱ्याशेजारी ठेवली, मग माझ्या पिशवीत ठेवली, आणि कुठेही ठेवली तरी ती मला दिसतच राहिली.

तुझा आजार घरच्यांच्या आधी बँकेला कळला. तू सरपंच. ग्रामपंचायतीच्या चेकवर तुझी सही म्हणजे अर्धा कागद व्यापणारी, शेवटी एक लांब फराटा. ती आक्रसत आक्रसत मुंगीएवढी झाली. बँकेनं चेक परत पाठवला, आणि विरोधकांनी गावभर केलं की सरपंचाच्या खोट्या सह्या चालल्यात. त्याच्याही बऱ्याच आधी तुझं नाक गेलं होतं. सुमनच्या तव्यावर लसूण जळून कोळसा झाला, घरभर धूर, आणि तू चुलीशेजारी पेपर वाचत बसलेला. आम्ही किती हसलो होतो. वास जाणं ही ह्या आजाराची फार आधीची खूण असते, हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधीची, हे मी नंतर वाचलं. तेव्हा कुणाला माहीत होतं?

मग तुझं हसू गेलं. लग्नात अक्षता टाकायला असा उभा राहायचास की नवरीच्या बापाला वाटावं, चौकशीला कुणी साहेब आलाय. आत तू आहे तसाच होतास, पण चेहऱ्याचे स्नायू आखडून बसले होते. गाव म्हणालं, सरपंचाला माज आला, रामरामाला हसत बी न्हाई. मी म्हटलं, सांगून टाक लोकांना, आजार आहे म्हणून. तू उपरण्याखाली हात लपवून म्हणालास, "अक्का, माजलाय म्हनले तर चालंल. आजारी म्हनले तर पुन्हा उभं कोन करंल मला?" पुढच्या निवडणुकीत पडलास ते पडलासच. माज आलेला माणूसही पडतो, हे तुझ्या राजकारणात बसलं नव्हतं.

मी आयुष्यभर गेवराईच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, आता तुळशीला पाणी घालायचं आणि मालिका बघायच्या. तू मला पुन्हा अभ्यासाला बसवलंस. मेंदूच्या एका इवल्याशा भागातल्या पेशी मरत जातात. शरीराला हालचालीचा हुकूम देताना लागतं ते डोपामिन नावाचं रसायन त्या पेशी करतात. आजवरची औषधं ते रसायन वरून भरून देतात. त्यानं माणूस चालतो, बोलतो, भाकरी मोडून खातो, पण पेशी मरायच्या थांबत नाहीत. सध्या जगभर शोध चाललाय तो दुसऱ्याच गोष्टीचा, की हे मरणंच सावकाश करता येईल का. तसं एक औषध आपल्याकडे संभाजीनगरला तपासून बघतायत हे कळल्यावर मी तुझ्या मागे लागले. तुझ्या नेहमीच्या गोळ्या चालूच राहणार होत्या, त्यावर ही एक जास्तीची. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कुणाला काय मिळतंय हे रोग्याला माहीत नसतं आणि डॉक्टरलाही माहीत नसतं, म्हणजे कुणाच्या मनाचा खेळ मध्ये येत नाही. मी तुला हे किती वेळा समजावलं असेल. तू प्रत्येक वेळी म्हणालास, "समजलं."

समजलं म्हणे. संमती देताना ते कॅमेऱ्यावर घेतात, माणसाला सगळं उमगलंय ना हे दिसावं म्हणून. तू कॅमेरा बघितलास आणि उपरणं सारखं केलंस. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काका, तुम्हाला औषध मिळेल किंवा नुसती गोळी मिळेल, हे तुम्हाला समजलंय का?" आणि तू सुरू झालास, "उपस्थित सर्व मान्यवर." खोलीत मी, ती बाई आणि नर्स. जय हिंद, जय महाराष्ट्र होईपर्यंत तू थांबला नाहीस. त्या नर्स पोरीनं हसू दाबून दाबून डोळे पुसले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याभरात डॉक्टरबाईंचा मला फोन. आमदारांच्या पीएनं त्यांना सांगितलं होतं, आपला माणूस आहे, जरा खरी गोळी द्या. त्या बिचाऱ्या म्हणत होत्या, "अहो, मलाच माहीत नाही." मी तलवाड्याला आले ती तुला झापायलाच. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "मंग कुनाला म्हाईत हाय?"

"कुणालाच नाही. संगणकानं चिठ्ठ्या काढल्यात."

"संगनक कोन चालवितो?"

अरे, काय करावं तुला! बंद दारामागे शेवटी एक माणूस बसलेला असतो आणि त्याच्या कानावर शब्द घालता येतो, ह्या भरवशावर तू सगळं आयुष्य काढलंस. रस्ते तसेच आणलेस, रेशन कार्डं तशीच काढून दिलीस, अर्ध्या गावाच्या पोरांचे दाखले तसेच आणलेस. मागे माणूसच नाही असं दार तुझ्यापुढे पहिल्यांदाच आलं होतं. मला वाटलं, आता तरी गप्प बसेल.

मग संभाजीनगरला तपासणीत तुला वैजनाथराव भेटला. परळीचा माणूस, थर्मल वीजकेंद्राच्या राखेच्या विटा करतो, आणि त्यालाही तुझ्यासारखाच कंपवात, तुझ्यासारखाच उजव्या हातापासून सुरू झालेला. बाकड्यावर शेजारी बसलात आणि एका भेटीत तुम्ही सख्ख्या भावासारखे. दर महिन्याला तो परळीहून जीपनं निघायचा, बीडवरून गेवराईला येऊन तुला घ्यायचा आणि दोघं मिळून तपासणीला. सुमन खूश, मी खूश. नर्सनं तर मला मुद्दाम सांगितलं होतं की ह्या दोघांसारखे शिस्तीचे रोगी नाहीत, गोळ्यांचा मेळ कधी चुकत नाही. मी ते कौतुक चारचौघांत सांगितलंय, दत्तू. कुठं तोंड लपवू आता?

ह्या श्रावणात सुमन लेकीकडे गेली म्हणून मी तलवाड्याला राहायला आले होते, तशी तपासणीलाही सोबत आले. परत येताना गेवराईच्या अलीकडे चहाला थांबलो. वैजनाथरावानं वेटरकडून एक कोरडी थाळी मागून घेतली. मला वाटलं, भजी येणार. त्यानं खिशातून त्याची नवी बाटली काढली, तू तुझी काढलीस, आणि दोघांनी दोन्ही बाटल्या त्या थाळीत ओतल्या. वर हात घालून कालवायला लागलात. कालवायची गरजच नव्हती. चार थरथरते हात थाळीत पडल्यावर गोळ्या आपोआपच मिसळत होत्या. मग सुरू झालं, एक तुला, एक मला, शाळकरी पोरं गोट्या वाटतात तसं.

"दत्तू, हे काय करायलास?"

"सावड," तू म्हणालास. मी तरी हे विचारायला नको होतं, अशा आवाजात.

आपल्या तात्यांकडे एकच बैल होता. शेजारच्या रानातल्या म्हाताऱ्याकडेही एकच. मग दोघांचे बैल एका नांगराला, आज ह्याचं रान, उद्या त्याचं. कुणाचा बैल जास्त ओढतो, कुणाचा कमी, हे बोलायचं नाही, ती सावड. त्याच सावडीच्या जोरावर मी शिकले आणि तू पुढारी झालास. पण अरे, ती बैलांची!

"म्हंजे बग," तू मला समजावायला लागलास, मला, विज्ञानाच्या बाईला, "आमच्यातल्या एकाला खरी आसंल अन् एकाला खोटी, तर एकानं काऊन उपाशी ऱ्हायचं? दोगांला खरी आसंल तर कुनाचं काय जात न्हाई. दोगांला खोटी आसंल तर भांडनच न्हाई. मंग चुकलं कुटं?"

"मी बी आधी न्हाईच म्हनलतो, अक्का," वैजनाथराव खाली बघून म्हणाला. "पन सरपंच म्हनला, तुला बरं वाटाय लागलं अन् मला न्हाई, तर तू माज्याकडं बगून हसशील का बे? मंग मी बी बाटली म्होरं केली."

मी तुला शाळेतलाच प्रयोग सांगितला. दोन कुंड्या. एकीला खत, एकीला नाही. कोणती वाढते ते बघायचं. आता कुणी येऊन ते खत दोन्ही कुंड्यांत निम्मं निम्मं टाकलं, तर बघणाऱ्याला काय कळणार? खत कामाचं की बिनकामाचं, कसं ठरवणार? आणि ते ठरलं नाही तर तुझ्यामागून ज्यांचे हात थरथरायला लागतील, त्यांच्यापर्यंत औषध पोचणार कसं?

तू चहा बशीत ओतायला गेलास, निम्मा टेबलावर सांडला. तो उपरण्यानं पुसत म्हणालास, "अक्का, कुंड्या एका जीपमदी बसून येत न्हाईत."

उत्तर सुचत नाही तेव्हा मला जास्त राग येतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मी म्हटलं, पुढच्या खेपेला तू स्वतः डॉक्टरबाईंना सांगायचं, नाहीतर मी सांगेन. वैजनाथरावाचा चेहरा उतरला. कळलं तर दोघांनाही काढून टाकतील, ही त्याची भीती. आणि तू काय म्हणालास? "बगू."

तुझं ते बगू. रस्ता मागायला आलेल्याला बगू, नळ मागायला आलेल्याला बगू, पोरीच्या लग्नाला हॉल मागणाऱ्याला बगू. नाही म्हणायचं नाही आणि हो म्हणून अडकायचं नाही. बहिणीलाही तेच? गेवराई येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. तू मध्येच "काऊन चिडायलीस?" म्हणून बघितलंस आणि मग डोळे मिटून घेतलेस.

त्यानंतर लवकरच तुझे पाय जमिनीला चिकटायला लागले, आणि त्या धांदलीत डॉक्टरबाईंना सांगायचं तुझंही राहिलं, माझंही. उंबऱ्याशी आलास की थिजायचास, पुढचं पाऊलच उचलायचं नाही. ह्यावरही शोध झालाय. सपाट जमिनीवर थिजलेला रोगी समोर आडव्या रेघा असल्या की त्या ओलांडत चालतो, मेंदू जणू दुसरी वाट काढतो. मी ओसरीवर खडूनं रेघा मारल्या, सुमननं त्या दुसऱ्या दिवशी सारवताना पुसल्या. मी परत मारल्या, तिनं परत पुसल्या. शेवटी वैजनाथरावानं जीपमधून विटा आणल्या आणि अंगणात एकेक पावलाच्या अंतरानं आडव्या पुरल्या, वरचा काठ तेवढा दिसेल अशा. तू पहिल्या विटेसमोर उभा राहिलास, बघितलंस आणि चालत सुटलास. न थांबता पार गोठ्यापर्यंत. तिथून ओरडलास, "अक्का, इकडं ये, गाय दाखवितो." गाय काय मी बघितली नव्हती? पण आले मी पळत. त्या दिवशी तुझ्यावर जीव ओवाळून टाकावा वाटला होता, हे तुला सांगायचं राहिलं. आता भेटायला येणारी माणसं त्याच विटांना अडखळतात आणि सुमन काही त्या काढू देत नाही.

मग तुला घास गिळेना झाला, ठसका लागून फुप्फुसात गेलं, न्यूमोनिया झाला. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून मी तेच विचारत होते. तू सांगणार आहेस ना त्या बाईंना? तुझ्या नाकात नळी, डोळे उघडे, चेहरा त्या मेल्या आजारानं कोरा करून ठेवलेला. तू हसलास की चिडलास की ऐकलंच नाहीस, मला काही कळलं नाही. ओठ हलले. मला वाटतं, बगू म्हणालास. माझी पक्की खात्री आहे, बगूच म्हणालास.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी वैजनाथराव आला. मधल्या दिवसांत एकटाच तपासणीला जाऊन आला होता. सतरंजीवर बसला. मग खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि माझ्यापुढे ठेवला. आत गोळ्या.

"ह्या सरपंचाच्या वाट्याच्या," तो म्हणाला. "नव्या बाटलीतल्या. मला गिळवनात."

"अहो, त्या तुमच्याच आहेत आता. सगळ्या तुमच्याच."

"न्हाई, अक्का. सावड हाय. माजं अर्दं त्यानला गेलतं, त्यांचं अर्दं माज्या पोटात हाय. हे मी एकट्यानं कसं खाऊ?"

मला इतका संताप आला, दत्तू. एक मरून गेला आणि दुसरा मेलेल्याचा वाटा काढून बसलाय. ह्या माणसांना औषध द्यायचं तरी कसं? मी त्याला बोलणार होते, पण त्याचा हात त्या रुमालावर थरथरत होता आणि गोळ्या आपसात वाजत होत्या, तोच आवाज, थाळीतला. मी पदर तोंडाला लावला. मग म्हटलं, "वैजनाथराव, मी उद्या बाटली परत द्यायला जाणार आहे. मी सांगणार आहे त्यांना. न सांगितलं तर दत्तूनं जे जे सोसलं त्याचा चुकीचा अर्थ निघेल. रक्त दिलं, पाठीच्या मणक्यातून पाणी काढू दिलं, त्या बोगद्यासारख्या यंत्रात निजला. ते सगळं खोट्याच्या बाजूला जमा व्हायला नको."

"मला काढतेल?"

"बहुतेक."

तो अंगणातल्या विटांकडे बघत बसला. त्यालाही पोरंबाळं आहेत, त्यालाही अजून चार वर्षं भट्टीवर उभं राहायचंय, आणि त्या रुमालातल्या गोळीवर त्याची सगळी आशा आहे. "सरपंच शेवटी काय म्हनला?" त्यानं विचारलं.

"बगू म्हणाला."

"मंग त्यो सांगनारच हुता," वैजनाथराव म्हणाला. "न्हाई म्हनायचं आसतं तर गप ऱ्हायला आसता." आणि गोळ्यांचा रुमाल बांधून माझ्या हातात दिला. "जीप घेऊन येतो सकाळी."

मी तुझी सख्खी बहीण. तुझ्या बगूचा हा अर्थ मला कधी लागला नव्हता. खरा आहे की त्यानं माझ्यासाठी काढला, कुणास ठाऊक.

डॉक्टरबाईंच्या टेबलावर मी तुझी बाटली ठेवली आणि तिच्याशेजारी रुमाल सोडला. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कधीपासून?"

"पयल्या बाटलीपासून," वैजनाथराव म्हणाला.

"कुणाची कल्पना?"

"माजी."

"खोटं बोलतायत," मी म्हटलं. "माझ्या भावाची. सावड म्हणायचा तो."

त्यांना सावड म्हणजे काय ते सांगावं लागलं. ऐकताना त्या दोन्ही हातांनी कपाळ धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या की ह्या दोघांची नोंद वेगळी करावी लागेल, औषधाचा निकाल लावताना जशी धरायला हवी तशी धरता येणार नाही. वैजनाथरावाला ठेवायचं की नाही ते त्यांच्या एकटीच्या हातात नाही, वर कळवावं लागेल. तो म्हणाला, "कळवा." तुला खरी गोळी होती की खोटी, ते सगळी चाचणी संपल्यावर कळेल. मी विचारलंही नव्हतं.

मला एकच विचारायचं होतं. "म्हणजे त्याचं सगळं वायाच गेलं का?"

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर वाया गेलं असतं. आम्ही चुकीचं खरं धरून चाललो असतो." आणि पुढे, "मी काकांना दर खेपेला विचारायचे. गोळी चुकली का, चक्कर येते का, झोप लागते का. हे विचारायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी पेन घेतलं आणि समोरच्या कागदावर, दर खेपेच्या प्रश्नांच्याही वर, मोकळ्या जागेत एक ओळ लिहिली. म्हणाल्या, आता हे सगळीकडे कळवते, सगळ्यांना विचारायला लागेल.

आम्ही बाहेर आलो. बाकड्यावर जालन्याकडचे दोन म्हातारे बसले होते, मध्ये एकच भाकरीचा डबा उघडा. नर्सनं दोघांना एकदमच आत घेतलं. दार पुरतं लागलं नव्हतं. डॉक्टरबाईंचा आवाज आला, थकलेला, पण नीट, सावकाश.

"काका, एक नवीन प्रश्न आहे. तुम्ही तुमच्या गोळ्या कुणाबरोबर वाटून घेता का?"

फटीतून मला दिसत होतं, दत्तू. दोघांनी हळूच एकमेकांकडे बघितलं. आणि तू गेल्यापासून जे येत नव्हतं ते रडू मला तिथं, त्या बाकड्यावर, वैजनाथरावाच्या शेजारी बसून आलं.